लातूरच्या केबलवर दोन वर्षे बातम्या वाचल्या. दूरचित्रवाणी निवेदक म्हणून पुढे कसे जावे?

मांजराकाठ

सर्व जाणकारांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातली. वय २५ वर्षे. मराठी विषय घेऊन बी. ए. केले, त्यानंतर पत्रकारितेची पदविका घेतली आणि गेली दोन वर्षे येथील एका स्थानिक केबल वाहिनीवर संध्याकाळचे अर्ध्या तासाचे बातमीपत्र वाचते. वाचते असे म्हटले तरी प्रत्यक्षात बातम्या गोळा करणे, लिहिणे, वाचणे आणि कधीकधी कॅमेरा तिपाईवर लावून स्वतःच सुरू करणे ही सगळी कामे माझ्याकडेच असतात. महिन्याला १२ हजार रुपये मिळतात आणि तेही कधी दोन हप्त्यांत येतात.

मला निवेदन हाच पेशा करायचा आहे, त्यामुळे मुंबईच्या एखाद्या वृत्तवाहिनीत जाण्याची इच्छा आहे. परंतु काही गोष्टींचा निर्णय होत नाही. पहिली म्हणजे, पुण्यातील एक खासगी संस्था तीन महिन्यांच्या अँकरिंग अभ्यासक्रमासाठी ८५ हजार रुपये मागते आहे आणि नोकरीची हमीही देते. वडील शेती करतात. यंदाच्या सोयाबीनच्या पैशांतून ही रक्कम देण्याची त्यांची तयारी आहे, आणि म्हणूनच मला ती घेताना भीती वाटते. दुसरी गोष्ट भाषेची. घरी आम्ही ‘करलालो, जालालो’ असेच बोलतो. कॅमेऱ्यासमोर मी प्रमाण मराठी बोलते, पण घाई झाली की ‘पाणी’चे ‘पानी’ होते, असे एका परिचित पत्रकाराने सांगितले आणि तेव्हापासून प्रत्येक ‘ण’पाशी मी अडखळते. तिसरी गोष्ट, मी सावळी आहे आणि चष्मा वापरते. माझ्यासारख्या मुलींना पडद्यावर घेतात का, हे कोणी स्पष्ट सांगत नाही.

आणखी एक प्रश्न असा की, वृत्तनिवेदन आणि मनोरंजन कार्यक्रमांचे सूत्रसंचालन या दोन्हींची तयारी एकाच वेळी करता येते का? ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. कटू असले तरी चालेल.

पॅनेलवाला

मी १४ वर्षे मराठी वृत्तवाहिन्यांच्या आउटपुट डेस्कवर (जेथे बातम्या लिहून प्रक्षेपणासाठी तयार होतात) आणि पॅनेलवर (प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात) काम केले आहे. म्हणजे निवेदकाच्या कानात जो आवाज बोलत असतो, तो माझा. नव्या निवेदकांच्या चाचण्यांना मी अनेकदा बसलो आहे, त्यामुळे तेथे काय पाहिले जाते एवढे खात्रीने सांगू शकतो.

आधी ८५ हजारांचे पाहू. नोकरीची हमी देणारी संस्था नोकरी देत नसते, कारण ती देण्याचा अधिकार वाहिनीच्या संपादकाकडे असतो. फार तर ती संस्था तुम्हाला एखाद्या ठिकाणी विनावेतन उमेदवारी मिळवून देईल, आणि ती तुम्ही स्वतः अर्ज करूनही मिळवू शकता. तीन महिन्यांत संस्था जे शिकवते, म्हणजे प्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्यासमोर सरकणाऱ्या मजकुरावरून) वाचणे, कॅमेऱ्याकडे पाहणे, हात कोठे ठेवावेत, ते तुम्ही दोन वर्षे रोज करत आहात. शिक्षणासाठीच पैसे घालायचे असतील तर अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेतील मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील अभ्यासक्रम पाहा. तेथे पत्रकारिता शिकवली जाते आणि वर्गमित्र पुढे वीस वर्षे उपयोगी पडतात. पण तुमच्याकडे पदविका आहेच, तेव्हा मी तर म्हणेन की सोयाबीनचे पैसे घरीच राहू द्यावेत.

आता चाचणीविषयी. बाहेरच्यांची समजूत अशी असते की उमेदवाराला प्रॉम्प्टरसमोर उभे करून वाचायला लावतात आणि चेहरा व आवाज पाहून निवड होते. हा भाग असतो, पण तो दहा मिनिटांत संपतो. त्याआधी आम्ही वृत्तसंस्थेकडून आलेला एक लांबलचक, बहुधा इंग्रजी किंवा हिंदी मजकूर हातात देतो आणि पंधरा मिनिटांत त्याचे ३० सेकंदांचे मराठी निवेदन लिहून मागतो. आमच्या डेस्कचा हिशेब साधा होता: ३० सेकंदांना ५५ ते ६० शब्द. येथेच अर्धे उमेदवार गळतात, कारण ते भाषांतर करतात. ‘त्यांच्याद्वारे सांगण्यात आले की’ असे लिहिणाऱ्याला वाचताना स्वतःलाच धाप लागते, आणि मग तो दोष आवाजाचा आहे असे त्याला वाटते. ज्याला आपले वाक्य आपल्या श्वासाच्या मापाने लिहिता येते, त्याचे वाचन आपोआप सुधारते.

त्यानंतर खरी परीक्षा असते. कानात इअरपीस लावून उमेदवाराला एक बातमी वाचायला सांगतात आणि तो वाचत असतानाच आम्ही बोलू लागतो: ‘पुढची बातमी बदलली, नाशिकहून फोनो आहे, नाव ऐक, वीस सेकंद भर.’ (फोनो म्हणजे फोनवरून थेट घेतलेली माहिती.) तोंडाने एक वाक्य पुरे करायचे, कानाने दुसरे ऐकायचे आणि चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचे नाही, ही सवय केवळ सरावाने येते. घरी करायची असेल तर एका कानात आकाशवाणीच्या बातम्या लावा आणि त्याच वेळी वर्तमानपत्रातील वेगळी बातमी मोठ्याने वाचा. शेवटी रेडिओवर काय सांगितले ते लिहून काढा. पहिले पंधरा दिवस रडू येईल. मला आले होते, आणि मी तर निवेदकही नव्हतो.

प्रॉम्प्टरवर फार विसंबून राहू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. त्याची कारणे तांत्रिक आहेत. एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेताना जोडाक्षरे मोडतात, ‘दुसऱ्या’चा ‘र’ भलतीकडेच जाऊन बसतो आणि समोर जे दिसते ते मराठी नसते. शिवाय प्रॉम्प्टर चालवणारा माणूस तुमच्या वेगाने मजकूर सरकवतो. तुम्ही घाबरून वेग वाढवला की तोही वाढवतो आणि दोघेही एकमेकांच्या मागे धावत सुटता. निवडणूक निकालाच्या दिवशी तर प्रॉम्प्टर असून नसल्यासारखाच असतो. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या २८८ जागांचे कल मिनिटामिनिटाला बदलत होते आणि निवेदकाच्या हाती होते ते फक्त पडद्यावरचे आकडे, डोक्यातील मतदारसंघांचा भूगोल आणि बहुमतासाठी १४५ जागा लागतात हे भान. त्या दिवशी ज्या मुलीने सलग पाच तास किल्ला लढवला, ती त्याआधी चार वर्षे आमच्याच डेस्कवर बातम्या लिहीत होती. कोणता तालुका कोणत्या मतदारसंघात येतो, हे तिला पाठ करावे लागले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की मुंबईत निवेदकाच्याच जागेसाठी अडून बसू नका. मजकूर लेखक, साहाय्यक निर्माती किंवा जिल्हा प्रतिनिधी म्हणून आत या. पहाटेच्या बातमीपत्राला निवेदक आजारी पडतो, उशिरा पोहोचतो, लग्नाला जातो, आणि पहाटे पाच वाजता संपादकाला जी व्यक्ती समोर दिसते तिलाच कोट घालून बसवले जाते. मी पाहिलेल्या निवेदकांपैकी कितीतरी जण असेच पडद्यावर आले.

एक गोष्ट अभ्यासक्रमांत क्वचितच शिकवतात. थेट प्रक्षेपणात कायद्याची जबाबदारी निवेदकाच्या जिभेवर असते. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत फोनवर आलेला गावकरी पीडितेचे नाव किंवा तिच्या वडिलांचे नाव घेऊ लागला, तर त्याच क्षणी त्याला थांबवणे तुमचे काम आहे, कारण तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि पॅनेलवरून आवाज बंद करायला एक-दोन सेकंद लागतातच. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना घटनास्थळावरून थेट दृश्ये दाखवण्यासही २०१५ पासून केबल नियमांनुसार मनाई आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणात जे झाले, ते ज्यांनी न्यूजरूममध्ये बसून अनुभवले त्यांना या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. चाचणीच्या मुलाखतीत यावर एखादा प्रश्न आला आणि तुम्ही नीट उत्तर दिले, तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

चष्म्याविषयी: काचांवर दिवे चमकतात एवढीच अडचण असते, आणि परावर्तन रोखणाऱ्या काचांनी ती बरीच सुटते. रंगाविषयी मी लिहीत नाही. त्यावर माझ्यापेक्षा स्त्रियांनी लिहिलेले बरे.

सांजवार्ता

मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी सरकारी प्रसारमाध्यमात अनेक वर्षे नैमित्तिक वृत्तनिवेदिका होते. नैमित्तिक म्हणजे महिन्यातून ठरावीक वेळा बोलावणे येणार, त्या त्या बातमीपत्राचे मानधन मिळणार आणि पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागणार. मी शाळेत शिकवत असे.

ही पद्धत जुनी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे सुरुवातीच्या काळात बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या, बालसाहित्यकार अनंत भावे होते. केवळ बातम्या वाचून यांतल्या कोणाचे घर चालत नव्हते, पण रंगभूमी, साहित्य, अध्यापन यांतून आलेली भाषेची जाण त्यांच्याबरोबर स्टुडिओत येत होती. प्रदीप भिडे यांनी मात्र दीर्घकाळ बातम्या दिल्या आणि तरीही त्यांचा आवाज कधी बातमीच्या पुढे गेला नाही. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा कितीतरी घरांत आपलेच कोणी गेल्यासारखे वाटले. आजच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा ऐकून तुझ्या मनात ‘आपला आवाज लहान आहे’ अशी शंका असेल, तर भिड्यांची जुनी बातमीपत्रे शोधून ऐक. आवाज चढवल्यावाचून गांभीर्य कसे आणतात, ते कळेल.

आता तुझ्या ‘ण’कडे वळू. ‘पाणी’चे ‘पानी’ होणे हा दोष सर्वांत सोपा आहे, कारण तुला तो माहीत आहे. तू त्याच्यापाशी अडखळतेस हे जास्त वाईट. ऐकणाऱ्याला ‘न’ एखादे वेळी खपतो, पण प्रत्येक ‘ण’च्या आधी येणारा तुझा थांबा खपत नाही. रोज दहा मिनिटे ण आणि ळ असलेली वाक्ये सावकाश वाच, आणि प्रत्यक्ष बातमीपत्राच्या वेळी मात्र तो विषय डोक्यातून काढून टाक.

याहून अवघड चुका पुण्यामुंबईची मुलेही करतात आणि त्यांना कोणी टोकत नाही. ‘चोर’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया असेल तेव्हाचा ज आणि ‘शंभर वर्षे जग’ असा आशीर्वाद देतानाचा ज वेगळा आहे. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे इंग्रजी माध्यमातून आलेल्या निवेदकांचे ‘जळगाव’ ‘जेजुरी’सारखे वाजते. खुद्द जळगावकराला हे कसे वाटत असेल? तू गावातून आलीस म्हणून हे तुला शिकावे लागणार नाही, हा तुझा फायदा आहे आणि तो तू अजून मोजलेलाच नाहीस.

अनुस्वाराचेही तसेच. ‘सिंह’ हा ‘सिंव्ह’, ‘संशय’ हा ‘संव्शय’, ‘संरक्षण’ हा ‘संव्रक्षण’ असा मुखात आला पाहिजे. ‘सिन्ह’ आणि ‘सन्शय’ ही हिंदीची सावली आहे. संख्यांचा सराव तर वेगळा काढून कर. एकोणऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव या जागी मोठमोठे पडले आहेत. समोर ८९ दिसल्यावर क्षणभर ‘नव्याऐंशी’ म्हणणारे निवेदक मी ऐकले आहेत. माझ्या पहिल्याच महिन्यात मी अर्थसंकल्पाच्या बातमीत ‘साडेदोन हजार कोटी’ म्हणाले. अडीच हा शब्द ऐन वेळी सुचलाच नाही. बाहेर आले तेव्हा वृत्तसंपादकांनी काहीही न बोलता माझ्यापुढे अडीच रुपये ठेवले. मराठीत साडे हा तीनपासून सुरू होतो, हे मी त्यानंतर जन्मात विसरले नाही.

लातूरला राहून करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणे. ध्वनिचाचणी असते आणि निवड झाल्यास ‘वाणी’ नावाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पैसे फार नाहीत. पण चेहरा नसताना नुसत्या आवाजावर माणसाला धरून ठेवायची जी शिस्त तेथे लागते, ती कॅमेऱ्यापुढे आयुष्यभर पुरते.

रंगाबद्दल पॅनेलवाल्यांनी हात झटकले, म्हणून मी लिहिते. होय, भेदभाव होतो. माझ्या काळी होता, आज तो जरा सभ्य शब्दांत होतो, ‘स्क्रीन प्रेझेन्स’ असे त्याला म्हणतात. मला एका रंगभूषाकाराने सहा वर्षे माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ लेप लावला आणि मानेचा रंग वेगळा दिसतो म्हणून वर बंद गळ्याचे ब्लाउज शिवायला लावले. शेवटी मी स्वतःच्या रंगाची पावडर घरून नेऊ लागले. तू तुझ्या चाचणीला स्वतःची नेच.

ठाणे_लोकल

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण चित्र थोडे जास्तच गोड झाले आहे असे वाटते. मी पाच वर्षे एका वाहिनीवर निवेदक होतो आणि सोडून बाहेर पडलो. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक प्रेक्षकमापन (टीआरपी) थांबवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्या आकड्यांच्या सावलीत काम करणे काय असते, ते मी दोन्ही बाजूंनी पाहिले. आकडे पडले की पहिला बदल निवेदकाच्या वेळेत होतो, मग तो कितीही चांगले लिहिणारा असो. तुम्ही रात्री नऊच्या चर्चेवरून दुपारी तीनच्या बातमीपत्रावर कधी गेलात हे तुम्हाला व्हॉट्सॲपवरच्या वेळापत्रकातून कळते.

शिवाय १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांतील पत्रकारांसाठी होता. वाहिन्यांतील बहुतेक लोक त्या संरक्षणाबाहेर, कंत्राटावर वाढले. तेव्हा करारावर सही करण्याआधी सूचना कालावधी किती, तो दोन्ही बाजूंना सारखा आहे का, आणि नोकरी सोडल्यावर काही महिने दुसऱ्या वाहिनीवर दिसण्यास मनाई आहे का, ही तीन कलमे एखाद्या वकिलाला दाखवाच. मी दाखवली नाहीत, त्यामुळे तीन महिने घरी बसलो.

रंगमंचामागे

सूत्रसंचालनाविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. मी नाशिकचा. गेली ११ वर्षे गाण्यांचे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे आणि अधूनमधून वाहिन्यांचे सणासुदीचे विशेष भाग यांचे निवेदन करतो. वृत्तनिवेदन आणि सूत्रसंचालन ही दोन गावे आहेत आणि त्यांच्यामधला रस्ता फारसा वापरात नाही. मनोरंजन वाहिन्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा अभिनयातून येतो. आदेश बांदेकर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ घेऊन घराघरांत जाऊ लागले तेव्हा ते अभिनेते म्हणून लोकांना माहीत होते. त्या कार्यक्रमाचे खरे बळ असे होते की, घरातील बाई काय बोलेल हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नसे आणि तिला बोलते करण्याचे काम सूत्रसंचालकाचे होते. डॉ. निलेश साबळे स्पर्धेतून आले, पण २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’चे लेखन व दिग्दर्शनही त्यांनीच केले. पॅनेलवाल्यांनी बातम्यांबद्दल जे लिहिले तेच येथे दिसते: ज्याच्या हातात लेखणी, त्याची खुर्ची पक्की.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी की, वृत्तवाहिनीचा करार सहसा बाहेरचे कार्यक्रम करू देत नाही, किंवा परवानगीशिवाय करू देत नाही. मला एकदा वाहिनीकडून विचारणा झाली होती. लग्नसराई आणि गणेशोत्सव-दिवाळीचे उत्पन्न त्या पगाराशी ताडून पाहिले आणि मी नम्रपणे नकार दिला. पण माझे उत्पन्न वर्षातील पाच महिन्यांत येते, आणि उरलेल्या सातांत मी घर कसे चालवतो हे माझी बायकोच जाणे. मानधनातून बहुधा १० टक्के कर कापूनच पैसे येतात. विवरणपत्र भरल्यास त्यातील बरेचसे परत मिळू शकतात, हे मला पहिली चार वर्षे कोणी सांगितलेच नाही, आणि ते पैसे गेले ते गेले.

लातुरातच एखाद्या व्याख्यानमालेचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे निवेदन करून पाहा. पाहुणा पाऊण तास उशिरा येणार आहे हे कळल्यावर समोरच्या पाचशे माणसांना जागेवर बसवून ठेवणे, याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना पॅनेलवाले दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आईजवळ म्हणाले की पैसे बँकेत राहू देऊ. सांजवार्ताताई, ‘जळगाव’ आणि ‘जेजुरी’ दोन्ही म्हणून पाहिले आणि हसू आले, कारण हा फरक मी आजवर कधी विचार करून केलाच नव्हता. कानात रेडिओ लावून वाचण्याचा सराव आजपासून सुरू केला आहे. पहिल्या दिवशी हवामानाच्या बातमीतील एकही जिल्हा लिहिता आला नाही.

एकच शंका उरली. दोन मुंबई वाहिन्यांत मजकूर लेखकाच्या जागा निघाल्या आहेत आणि दोघांनीही अर्जाबरोबर नमुना चित्रफीत मागितली आहे. माझ्याकडे केबलवरील बातमीपत्रांचे दोन वर्षांचे साहित्य आहे, पण स्टुडिओ म्हणजे मागे निळा पडदा आणि शेजारच्या गिरणीचा आवाज. तेच पाठवू की पैसे देऊन चांगल्या स्टुडिओत नवे चित्रीकरण करू?

पॅनेलवाला

स्टुडिओ भाड्याने घेऊ नका. चित्रफीत पाहणारा माणूस तुमच्या मागचा पडदा पाहत नाही. पडदा वाहिनीकडे आहेच. तो पहिली पंधरा-वीस सेकंद पाहतो आणि ठरवतो की पुढे पाहायचे की नाही. म्हणून नाव, शिक्षण, आवड सांगणारी प्रस्तावना काढून टाका, संगीत आणि फिरती अक्षरे तर मुळीच नकोत.

एकूण लांबी तीन मिनिटांच्या आत ठेवा. सुरुवातीला घटनास्थळावरचा तुकडा घ्या, हातात माइक आणि समोर प्रॉम्प्टर नसलेला. तुम्ही दोन वर्षांत एखादी गारपीट, एखादे आंदोलन, बाजार समितीतील सोयाबीनच्या लिलावाचा गोंधळ नक्कीच टिपला असेल. त्यात जेथे वाक्य अडले आणि तुम्ही ते सावरले, तो भाग कापू नका. त्यानंतर एक मुलाखत, पण त्यातील पाहुण्याचे उत्तर नको, तुमचा पहिला प्रश्न आणि उत्तर ऐकून तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न हवा. तुम्ही ऐकता की नाही, हे दुसऱ्या प्रश्नावरून कळते. शेवटी स्टुडिओतील एक साधे वाचन, फार तर ४० सेकंद. गिरणीचा आवाज आला तरी चालेल; फक्त शब्द स्पष्ट ऐकू येतात ना, ते एकदा मोबाइलच्या साध्या स्पीकरवर तपासा, कारण संपादक ती फीत बहुधा लोकलमध्ये पाहणार आहे.

अर्जासोबत तुम्ही स्वतः लिहिलेली पाच बातमीपत्रे जोडा आणि ‘लेखन, वाचन व चित्रीकरण स्वतः’ एवढेच वर नमूद करा. चित्रीकरणाचे लिहायला संकोचू नका. तिपाईवर कॅमेरा लावून स्वतःच बातमी वाचणारी मुलगी डेस्कवर मिळाली, तर पाऊस पडून ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) अडकलेल्या दिवशी काय करायचे हे तिला सांगत बसावे लागत नाही.

चाचणीला बोलावणे आले तर हिरवे कपडे टाळा, मागे क्रोमाचा (ज्यावर नंतर दुसरे चित्र बसवतात तो हिरवा) पडदा असेल तर त्यातून आरपार दिसू लागाल. बारीक रेघांचा कुर्ताही नको, तो कॅमेऱ्यात लाटांसारखा हलतो. गळ्यात लांब माळ घालू नका, कॉलर माइकवर ती आपटत राहते. लातूर-मुंबई एक्सप्रेस सकाळीच पोहोचते आणि चाचण्या सहसा दुपारी असतात. तेव्हा मधल्या वेळेत झोप काढा आणि त्या दिवशीचे एक तरी मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून या. लिहायला देतो तो मजकूर आम्ही त्याच दिवशीच्या घडामोडींतून निवडतो.